हौस गावाची, खर्च वाट्याचा

दिवाळीपर्यंत आमच्याकडचा हलका धान कापून होतो आणि भारी धान बांधीत उभा असतो. रोवणीपासून वाकलेली पाठ तेव्हा कुठे जरा सरळ होते. याच दिवसांत मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते. भाऊबीजेपासून एकेका गावाची पाळी लागते. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, मुलं चिवडा-जिलेबीच्या दुकानांभोवती घुटमळतात आणि चौकात भर दिवसा दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं आमचं लोकनाट्य, उभी राहते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग मिळून जी झाडीपट्टी होते, तिथल्या माणसांच्या हौसेचा इतिहास या मोकळ्या दिवसांतच रुजला आहे.

मी पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचा. शेजारच्या कोसऱ्याला जोडून लोक आमच्या गावाला कोंढा-कोसरा म्हणतात. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं आणि संध्याकाळी गावच्या मंडळात पेटी वाजवली. माझे आजोबा दंडारीत ढोलकीवर असत, बा बाईचं सोंग घेत. तीन पिढ्यांची हौस घरात पाहिल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. आमच्या वाडवडिलांनी हौस पोटभर केली, पण तिच्यापायी घर बुडू दिलं नाही. हे नशिबानं झालं नाही, त्यामागे रीत होती. आज पगार हाती आल्याबरोबर हप्त्यावर कीबोर्ड, कॅमेरा किंवा स्पीकर घेणारी तरुण मुलं पाहतो, तेव्हा ती रीत त्यांना नीट सांगावी असं मनापासून वाटतं.

आधी पैशाची गोष्ट. आमचा मुलूख एका पिकाचा. आषाढ-श्रावणात रोवणी आणि कार्तिक-अगहनात कापणी, चुरणी. मागून बांधीतल्या ओलीवर टाकलेली लाखोळी आणि जवस जे देतील ते. मालगुजारी होती तोवर गावचा तलाव, जंगल, पडीक जमीन मालगुजाराची. मध्य प्रांतातली ही पद्धत 1951 च्या 31 मार्चला संपली, तरी त्या तलावांना आम्ही अजून माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणतो. अशा गावात मजुरी धानात मिळे. सुतार, लोहार, न्हावी, वरठी यांचा वर्षाचा हक्क खळ्यावर धानात चुके. नगद पैसा सारा भरताना, लुगडं-धोतर घेताना आणि मीठ-रॉकेल आणताना दिसे. पैसा इतका थोडा असताना हौसेसाठी तो काढायचा कुठून? म्हणून हौस अशा गोष्टींवर उभी राहिली, ज्या गावात होत्याच. माणसांचा गळा, अंगातली चपळाई, घरातली लुगडी आणि कापणीनंतरचा वेळ.

दंडार हे त्याचं सर्वांत उघड उदाहरण. तिचे प्रकारही खर्चाच्या मानानं चढत जातात. बैठ्या दंडारीत बसून गायचं, म्हणजे फक्त गळा हवा. खड्या दंडारीत उभं राहून टिपऱ्यांच्या तालावर फेर धरायचा, त्या टिपऱ्या जंगलातल्या लाकडाच्या. परसंगी दंडारीत एखादा प्रसंग, एखादं कथानक येतं आणि मग सोंगं लागतात. खडी गंमत याहून थोडी पुढची. तिच्यात शाहीर, ढोलकीवाला, नाच्या आणि सवालजवाब. या सगळ्यांत बाईचं काम पुरुषच करत. तो काळ बाईला चौकात नाचू देणारा नव्हता, हे त्यामागचं खरं कारण. पण त्यामुळे गावाबाहेरून कुणाला बिदागी देऊन आणावं लागत नसे, हेही तितकंच खरं.

बाचं सोंग कसं उभं राहायचं ते मी जवळून पाहिलं आहे. मंडईच्या सकाळी ते दाढी दोनदा घोटून करत. मग मुर्दाडशिंगाचा पिवळसर खडा सहाणेवर पाण्यात उगाळायचा आणि त्याचा लेप चेहऱ्यावर, मानेवर, हातांना कोपरापर्यंत लावायचा. वाळला की रंग उजळ दिसे. गालांना आणि ओठांना कुंकू, भुवयांना दिव्याची काजळी एरंडेलात कालवून. आईचं हिरवं लुगडं, मावशीचं पोलकं, शेजारच्या काकूंच्या बांगड्या. खोपा काळ्या लोकरीचा, तो मात्र मंडळाचा, वर्षानुवर्षं एकाच पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्यांसह ठेवलेला. संध्याकाळी सगळ्या वस्तू ज्यांच्या त्यांच्या घरी परत जायच्या. लुगडं धुऊन, घडी करून. एखादी बांगडी फुटलीच तर पुढच्या बाजाराला बा ती भरून देत. आई म्हणायची, "तुमच्या सोंगानं माह्या पेटीतलं लुगडं वर्षातून एकदा तरी उन्हात येते." तिच्या बोलण्यात कौतुक होतं.

यात एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड. शिसं शरीराला घातक असतं, हे आज शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. तेव्हाच्या नटांना ते माहीत नव्हतं. काम झाल्यावर ते चेहरा खोबरेल तेलानं पुसून मोकळे होत. जुनं आणि स्वस्त ते सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. काटकसर करताना अंगाला काय लागतं, पोटात काय जातं याची चौकशी आज आपण करू शकतो आणि ती केलीच पाहिजे. हौसेत पैसा वाचवायच्या बऱ्याच जागा आहेत. तब्येत त्यांतली नव्हे.

उसनवारीनं न भागणाऱ्या वस्तू दोनच, ढोलकी आणि पेटी. ढोलकीचं खोड आजोबांच्या वेळी गावच्या सुताराने कोरून दिलं आणि त्याबद्दल खळ्यावर त्याच्या वाट्यात वाढीव धान पडला. पुडी फाटली की ती चढवायला पैसे लागत. पेटी नागपूरहून आली. ती कुणा एकाची नव्हती. मंडळाची जुनी वही अजून माझ्याकडे आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. पेटी आली त्या वर्षीच्या पानावर डावीकडे नावं आहेत आणि उजवीकडे कुणी काय दिलं ते. कुणाचे पैसे, कुणाचा पायलीभर धान, कुणाची जवस. एका नावापुढे काहीच धान्य नाही, तिथे लिहिलंय : "बैलगाडी, पवनीपर्यंत." म्हणजे ज्याच्याकडे द्यायला धान्य नव्हतं त्याने गाडी जुंपली आणि तोही पेटीचा तितकाच भागीदार झाला. पुढच्या पानांवर रॉकेल, गॅसबत्तीचं भाडं, जाळ्या, चहापत्ती, गूळ, पुडी चढवणे. प्रत्येक वर्षाच्या शेवटी शिल्लक काढलेली आणि खाली चार-पाच अंगठे, सह्या.

हा हिशेब मंडई उठल्यावर देवळात मोठ्याने वाचला जाई. मी लहानपणी तो ऐकलाय. कुणी विचारायचं, "यंदा रॉकेल जास्त कायले लागलं?" आणि ज्याच्या हाती खर्च असेल त्याला उत्तर द्यावं लागे. उत्तर पटलं नाही तर पुढल्या वर्षी खर्च दुसऱ्याच्या हाती. मला वाटतं, आमच्या हौसेला आवर घालणारी सर्वांत मोठी गोष्ट हीच होती. एकट्याने केलेला खर्च मनातल्या मनात सहज पटवून घेता येतो. चार माणसांपुढे वाचून दाखवायचा म्हटलं की तो आधीच आखडतो.

आता हौसेचा दुसरा, जोरकस भाग. शंकरपट. पौष-माघात शेतं मोकळी झाली की पटाची दान, म्हणजे धावपट्टी, तयार होते, छकड्यांना बैलजोड्या जुंपून धुरकरी त्या पळवतात, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी राहते. पट पाहायला दूरदूरचे लोक बंड्या जुंपून येत आणि रात्री परतणं शक्य नसे. आलेला पाहुणा रात्रभर करणार काय? म्हणून दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडी जमली. झाडीपट्टीच्या नाटकाची ही घडण जुनी माणसं अशीच सांगतात. रात्री दहाच्या सुमारास नांदी, तांबडं फुटताना शेवट. पाहुण्याला थंडीत ओसरी शोधावी लागू नये, म्हणून नाटक रात्रभर चाले.

नाट्यगृहही गावानेच उभं करायचं. मोकळ्या रानात उतरता खड्डा खणायचा, निघालेल्या मातीचा मंच करायचा, खड्ड्यात तणीस अंथरायची. खालच्या माणसाचं डोकं वरच्याच्या आड येत नाही, वारा अंगावर येत नाही आणि तणशीची ऊब असते. खणणारे गावचेच. हंगाम संपला की माती परत खड्ड्यात आणि तणीस बैलांपुढे. एवढं मोठं नाट्यगृह, पण उन्हाळ्यात तिथे त्याची खूणही राहत नसे. भाड्याने यायचा तो पडदा आणि गॅसबत्त्या. पात्रं गावातलीच. तालमी महिना-दीड महिना आधीपासून, रात्री जेवणं झाल्यावर.

पटातच मात्र हौस हाताबाहेर गेलेली मी पाहिली आहे. पटाची जोडी नांगराला जुंपत नाहीत. तिला चणा, ढेप, कधी दूध-अंडी. गावातल्या एकाने जोडीच्या नादात बांधी गहाण टाकली, आणि ती सुटायला मुलाचं तारुण्य गेलं. हा खर्च वहीत नव्हता, वाट्यात नव्हता. तो एकट्याच्या इरेचा होता. पुढे 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. 16 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्रात त्या अटींसह सुरू झाल्या आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. बैलाला इजा होऊ नये या अटी योग्यच आहेत. पण त्या मधल्या वर्षांत पट नव्हते तरी नाटकं चालूच राहिली. पाहुण्यांच्या सोयीसाठी सुरू झालेली गोष्ट स्वतःच्या पायावर उभी होती, कारण ती माणसांच्या वाट्यावर उभी होती.

या हिशेबात एक बाजू रिकामी आहे आणि तिच्याबद्दल मला वाईट वाटतं. वहीत एकाही बाईचं नाव नाही. लुगडी त्यांची, बांगड्या त्यांच्या, तालमीनंतरचा चहा त्यांच्या चुलीवरचा, पण त्यांच्या स्वतःच्या हौसेसाठी कुणी कधी वर्गणी काढली नाही. त्यांची गाणी रोवणीच्या चिखलात झाली. गुडघाभर पाण्यात परे रोवता रोवता एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. आईला अशी कितीतरी गाणी पाठ होती. त्या हौसेला एक पैसा लागला नाही, पण एक मोकळी दुपारही मिळाली नाही. हौस खर्चाशिवाय होते असं सांगताना हे विसरता येत नाही. पैसा नसला तरी वेळ लागतोच, आणि घरात तो कुणाच्या वाट्याला येतो हे तपासावं लागतं.

मराठी नाटकाच्या मोठ्या इतिहासाशी आमची रीत ताडून पाहिली की तिचं मोल अधिक कळतं. 5 नोव्हेंबर 1843 ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, ते संस्थानिकांच्या आश्रयानं. पुढे तिकिटांवर चालणाऱ्या कंपन्या आल्या. 1913 मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचं वैभव तर थोरच. उंची शालू, गालिचे, अत्तराचा घमघमाट. बालगंधर्वांच्या गाण्यानं महाराष्ट्र वेडा झाला आणि त्याच काळात कंपनी लाखावर कर्जात सापडली. ते फेडण्यात त्या थोर कलावंताची उमेदीची वर्षं गेली. त्यांच्या कलेपुढे मी हात जोडतो. पण ती कंपनी रंगात असताना झाडीपट्टीत लोकरीचा खोपा आणि उसनं लुगडं घेऊन दंडार चालू होती, आणि दंडारीपायी कुणी कर्जबाजारी झाल्याचं आमच्याकडे ऐकिवात नाही. हौस आणि धंदा यांची गणितं वेगळी असतात. धंद्याला प्रेक्षक दिपवावा लागतो. हौसेला करणाऱ्याचं मन भरलं की पुरे.

याच मातीत तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजली. 1909 ला अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेला हा माणूस खंजिरी हाती घेऊन गावोगाव फिरला, 1955 मध्ये जपानपर्यंत गेला. लाकडाचं एक कडं, त्यावर ताणलेलं कातडं, बाजूला चकत्या. याहून स्वस्त वाद्य शोधून सापडणार नाही. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी विदर्भात खेडोपाडी खंजिरी भजनाची मंडळं उभी केली. 1968 मध्ये महाराज गेले, मंडळं अजून चालू आहेत. ग्रामगीतेत त्यांनी लग्नातल्या आणि सणांतल्या उधळपट्टीवर कोरडे ओढले आणि त्याच वेळी गावाला गाण्याची गोडी लावली. आनंद आणि काटकसर एकत्र नांदतात, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं.

मग बदललं काय? नाटक मोठं झालं. वडसा म्हणजे देसाईगंज हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र बनलं. तिथल्या नाट्यसंस्थांकडे दिवाळीपासून हंगामभराच्या तारखा लागतात. लेखक, नट, नट्या, वादक, पडदेवाले, ध्वनिव्यवस्थेवाले अशा कितीतरी घरांची चूल या रंगभूमीवर पेटते, कोट्यवधींची उलाढाल होते. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीपट्टीची मान उंच झाली. बाया मंचावर आल्या, त्यांना मोबदला मिळू लागला, हा तर निखळ फायदा. मला याचा अभिमान आहे. मात्र या वाटेवर गावाची जागा सरकली. आधी गाव नाटक करत होतं. मग गावचं मंडळ नाटक आणू लागलं. तिकिटं खपली तर नफा देवळाला, शाळेला, गरजूच्या लग्नाला. पाऊस आला किंवा शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरं नाटक असलं, तर तोटा मंडळाच्या पोरांच्या खिशातून. आणि आता बरीच मंडळी केवळ तिकीट काढणारी झाली. हातांना करायला काही उरलं नाही की हौस खरेदीत शिरते. गाणं येण्याआधी माइक येतो, फोटो जमण्याआधी महाग लेन्स येते, आणि दोन महिन्यांत सगळं कपाटावर.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी वही दाखवतो आणि तिच्यातून काढलेल्या चार गोष्टी सांगतो. पहिली, घरात आणि शेजारी काय आहे ते आधी पाहा. मागायला लाजू नका, धुऊन-पुसून परत करायला विसरू नका. दुसरी, एक हंगाम उसन्या वस्तूवर काढा. रोवणीपासून मंडईपर्यंत गोडी टिकली तरच विकत घ्यायचा विचार. नवी पेटी घ्यायला निघालेल्या एका मुलाला मी मंडळाची जुनी पेटी दिली. तिचा एक सूर जरा बेसूर आहे, तो मुलगा त्या सुराला वळसा घालून वाजवायला शिकला आणि आता त्याचा हात माझ्याहून हलका चालतो. तिसरी, महाग वस्तू एकट्याने घेऊ नका, वाट्याने घ्या, आणि ज्याच्याकडे पैसा नाही त्याची गाडी, त्याची मेहनत वाट्यात धरा. चौथी, खर्च लिहा आणि कुणाला तरी वाचून दाखवा. मित्राला, बायकोला, नवऱ्याला. या वहीत घरातल्या बाईच्या हौसेचंही एक पान असू द्या.

हे एकट्या-दुकट्याने करण्यापेक्षा गावाने केलं तर अधिक टिकेल. महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि त्यामुळे लहान गावांतही अनुदानावर वाचनालयं चालतात. सभासद होऊन तिथून पुस्तक नेता येतं, तसं ढोलकी, पेटी, खंजिरी, शिलाई मशीन, दुर्बीण, बुद्धिबळाचा पट नेता यायला काय हरकत आहे? वस्तू गावात पडून आहेत, कपाटांवर आणि माळ्यांवर. त्या गोळा करायच्या, दुरुस्त करायच्या, नोंद ठेवायची, वर्षाकाठी हिशेब वाचायचा. आमच्या मंडळाने सुरुवात म्हणून आपली वाद्यं अशी द्यायला काढली आहेत आणि नोंदीसाठी नवी वही घातली आहे. पहिल्या पानावर दोन मुलींची नावं आहेत. एकीने खंजिरी नेली, दुसरीने ढोलकी.